कंपनीच्या मॅचमध्ये गुडघा गेला तर भरपाई कशी मागायची

मी खेड-चिपळूण पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर फिटर. २०२३ ची गोष्ट, ४ मार्चला सेफ्टी वीक सुरू झाला, झेंडा, शपथ, स्लोगन स्पर्धा सगळं रीतसर, आणि दुसऱ्या दिवशी रविवारी कॉलनीच्या ग्राउंडवर डिपार्टमेंटवाइज टेनिस क्रिकेट. ग्राउंड कसलं, सडाच तो, म्हणजे उघडं कातळाचं माळरान, लाँग ऑनच्या बाजूला जांभ्याचा कातळ वर आलेला. कॅच घ्यायला मागे पळालो, टाच त्या कातळाच्या खाचेत अडकली आणि अंग तसंच फिरलं. गुडघ्यात कट् असा आवाज झाला तो बॉलरपर्यंत ऐकू गेला असं सगळे सांगतात. लिगामेंट तुटलं, कोल्हापूरला ऑपरेशन, चार महिने घरी. सुरक्षा सप्ताहात कंपनीतला एकमेव अपघात माझा, तोही खेळताना.

सोमवारी सुपरवायझरला फोन केला तर तो म्हणतो, "पडलास तेव्हा ड्युटी होती काय? रविवार होता ना?" हे वाक्य तुम्हालाही ऐकायला लागणार म्हणून सुरुवातीलाच सांगतो, रविवार होता एवढ्याने विषय संपत नाही. मी काय काय केलं आणि कुठे कुठे चुकलो ते क्रमाने लिहितोय. वकील नाही मी, पण दीड वर्ष कोर्टाच्या पायऱ्या चढलोय, त्याही लंगडत.

१. आधी स्वतःला विचारा, खेळायला बोलावलं कोणी?

सगळी केस यावर आहे. नुकसानभरपाई कायद्याचे शब्द असे की अपघात कामातून उद्भवलेला आणि कामाच्या ओघात झालेला पाहिजे. खेळ, पिकनिक, गणपतीतला नाच, याबद्दल आपल्याकडे वेगळं कलम नाही. गुगल केलंत तर कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडचं एक कलम समोर येतं, सुट्टीच्या वेळेतल्या खेळातली दुखापत धरत नाहीत, पण खेळायला यावंच अशी मालकाची अपेक्षा असेल किंवा तसं सांगितलं असेल तर धरतात. मी ते प्रिंट मारून वकिलाकडे घेऊन गेलो होतो, ते हसले. इथल्या कोर्टात त्याचा उपयोग शून्य. पण म्हणाले, प्रश्न बरोबर विचारलाय त्यांनी, त्याची उत्तरं आपल्या केसमधून काढ.

तर मग ही उत्तरं कागदावर लिहून काढा:

नोटीस कोणी लावली, टीममध्ये नाव कोणी टाकलं, नाही म्हणायची खरंच सोय होती का. जर्सी, बॉल, वडापाव, गाडी यांचा खर्च कोणी केला. ग्राउंड कोणाचं. न येणाऱ्याचं काय झालं. आलेल्याला सी-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, किंवा हजेरी मिळाली का. मैदानावर ऑर्डर कोण देत होतं.

माझ्या बाबतीत एचआरच्या सहीचं सर्क्युलर होतं, छातीवर कंपनीचा लोगो असलेला टी-शर्ट होता, येणाऱ्याला सी-ऑफ होता आणि आमचा कणकवलीकडचा सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला होता, "रविवारी इलंस नाय तर सोमवारी गेटाभायर उभो रवतलंस." हे सगळं एकत्र धरलं तर ती मॅच माझी हौस राहत नाही.

आता उलटं उदाहरण. माझा पार्टनर, त्याच महिन्यात, गावच्या नाइट अंडरआर्म टूर्नामेंटमध्ये खांदा निखळला. टीममध्ये अकरापैकी नऊ जण कंपनीचे होते, टीमचं नावही कंपनीवरून ठेवलेलं. पण आयोजक मंडळ, एन्ट्री फी आपापली, बक्षीस बोकड. त्याला मी स्पष्ट सांगितलं की इथे वकिलावर पैसे घालू नको. शिमग्याची पालखी नाचवताना, दहीहंडीत, मित्रांबरोबर तारकर्लीला पोहताना लागलं तर तेही तसंच, ऑफिसातले मित्र असले म्हणून ते काम होत नाही. इंग्लंडमध्ये १९७७ साली पोलीस दलाच्या टीमकडून फुटबॉल खेळताना जखमी झालेल्या एका पोलिसाची मागणीसुद्धा कोर्टाने फेटाळली होती, त्यामुळे लोगो म्हणजे सगळं असं समजू नका.

मधला प्रकार कंपनीच्या पिकनिकचा. कंपनीने बस केली, दिवस ठरवला, मॅनेजर बरोबर होता तर तुमची बाजू बरी. पण संध्याकाळी प्रोग्राम संपल्यावर तुम्ही चौघे वेगळे निघून दगडावर बसायला गेलात आणि घसरलात तर तिथे कंपनी म्हणणार हा आमच्या प्रोग्राममध्ये नव्हता, आणि ते ऐकलं जातं.

आपल्या कोर्टांनी कामाची हद्द गेटच्या बाहेर ताणलीय हे मात्र खरं. मुंबईत बेस्टचा ड्रायव्हर ड्युटी संपवून बेस्टच्याच बसने घरी जाताना अपघातात गेला, १९६३ साली सुप्रीम कोर्टाने ते कामाच्या ओघातच धरलं. २०१९ मध्ये इंदोर-बऱ्हाणपूर बसचा ड्रायव्हर, गाडीवरच राहणारा, टपावर जेवून खाली उतरताना पडून गेला, तिथेही भरपाई दिली. जुलै २०२५ मध्ये धाराशिवकडच्या साखर कारखान्याच्या वॉचमनचा निकाल आला, पहाटेच्या ड्युटीला जाताना रस्त्यात अपघात, तोही धरला. पण १९५८ ची एक केस आपल्या खाडीवाल्यांनी लक्षात ठेवावी, पोरबंदरजवळ मिठागराचे कामगार सार्वजनिक होडीने खाडी ओलांडताना बुडाले, त्यांना नाही मिळाली, कारण ती होडी सगळ्यांचीच होती. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने मॅचला जाणाऱ्याने याच्यावरून काय ते समजावं. कंपनीची गाडी आणि सार्वजनिक वाहन यात फरक पडतो.

२. दवाखान्यात केस पेपरवर काय लिहिलं जातं ते बघा

मी इथे जवळजवळ बुडालो होतो. मला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस काउंटरवर होता, त्याने सांगितलं, "घरी पाय घसरून पडला." मी वेदनेत, सही केली. दोन दिवसांनी बायकोने फाइल वाचली तेव्हा कळलं. मग डॉक्टरांना भेटून खरं सांगितलं, त्यांनी जुनी नोंद खोडली नाही, पुढच्या तारखेला स्वतःची नवीन नोंद केली की पेशंटच्या सांगण्याप्रमाणे कंपनीच्या क्रिकेट मॅचमध्ये, अमुक तारखेला, ग्राउंडवर. ती एक ओळ नसती तर पुढचं काही झालं नसतं. उलटतपासणीत वकिलाने "घरी पडला" तीनदा वाचून दाखवलं, तेव्हा दुसरी नोंद कामाला आली.

म्हणून शुद्धीवर असाल तर स्वतः सांगा, नसाल तर घरच्या माणसाने सांगावं, कंपनीच्या माणसाने नाही. "मेडिक्लेम पास होईल, बाइकवरून पडलो म्हण" असा सल्ला देणारे भेटतात, एकदा ते लिहिलं की मग तुम्हीच खोटे ठरता.

आणि दारू. पिकनिकला दोन पेग घेतले आणि केस पेपरवर वास आल्याची नोंद झाली तर कंपनीला आयतं कारण मिळतं. नशेमुळे थेट अपघात झाला असेल तर मालक सुटू शकतो, फक्त मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही सबब चालत नाही.

३. फोनमधला पुरावा त्याच दिवशी बाहेर काढा

मॅचची नोटीस व्हॉट्सअॅप ग्रुपवर होती. मंगळवारी बघतो तर "हा मेसेज डिलीट केला आहे". माझं नशीब, शुक्रवारी मी तिचा स्क्रीनशॉट बायकोला पाठवला होता, कारण रविवारी सासरी देवरुखला जायचं कबूल केलेलं आणि ती रागावलेली. खाली मी लिहिलेलं, "बघ, जायलाच लागतंय, नाव टाकलंय यांनी." तिचं उत्तर एक लाल तोंडाचा इमोजी. कमिशनरसमोर, म्हणजे नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, तो चॅट आम्ही दाखल केला, इमोजीसकट.

तुम्ही एवढ्या नशिबावर राहू नका. ग्रुपचा चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा, डिसअपिअरिंग मेसेज चालू आहेत का बघा, मॅचचे फोटो-व्हिडिओ ज्यांनी काढले त्यांच्याकडून ओरिजनल फाइल मागा. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला वेगळं सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि ओरिजनल फोन हातात असेल तर ते सोपं जातं. नोटीस बोर्डाचा फोटो, टी-शर्ट न धुता ठेवलात तरी हरकत नाही. साक्षीदार दोन बघून ठेवा, शक्यतो एक तरी परमनंट किंवा नोकरी सोडलेला, कारण कॉन्ट्रॅक्टवाला पोरगा सहा महिन्यांनी "मला आठवत नाही" म्हणतो आणि त्याला दोष पण देता येत नाही, त्याचंही पोट आहे.

४. तुमचा रस्ता कुठला ते ठरवा

पगाराच्या स्लिपवर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापलेलं आहे का ते बघा. पगार महिना २१,००० पर्यंत आणि तुम्ही तिथे नोंदलेले असाल तर मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, सगळं ईएसआयकडूनच. तिथे अपघात कामातला मानला तर तात्पुरत्या अपंगत्वाला रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतात. नाही मानला तरी उपचार मिळतातच आणि हप्त्यांची अट पुरी असेल तर आजारपणाचे ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यामुळे ईएसआयवाल्याने "खेळताना लागलं म्हणून काही मिळणार नाही" हे ऐकून घरी बसू नये.

ईएसआय नसेल तर कर्मचारी नुकसानभरपाई. हा १९२३ चा कायदा, त्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० आलीय. अपघाताची तारीख त्याच्या आधीची असेल तर जुना कायदा, नंतरची असेल तर संहिता. माझा अनुभव जुन्याचा आहे, हिशोबाची पद्धत बरीचशी तीच राहिलीय, पण अर्जावर कुठलं कलम घालायचं ते वकिलाकडून तपासून घ्या. संहितेत घर ते काम या प्रवासातला अपघातही धरलाय, आणि जुन्यातल्या कमिशनरला तिथे सक्षम प्राधिकारी म्हणतात.

तिसरा रस्ता बरेच जण विसरतात, कंपनीची ग्रुप पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसी. ती बहुतेक वेळा चोवीस तासांची असते, ड्युटी होती का नव्हती हा प्रश्नच येत नाही. एचआरला लेखी विचारा. बँकेतून २० रुपये कापले जातात ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना मात्र मृत्यू आणि मोठ्या कायमच्या अपंगत्वासाठी आहे, हात-पाय-डोळा गमावण्यासारखं, गुडघ्याच्या लिगामेंटला तिथे काही नाही.

५. नोटीस द्या, तोंडी नाही

शक्य तितक्या लवकर. भाषा साधी चालते, नाव, पत्ता, अपघात कशामुळे झाला आणि तारीख एवढं पाहिजे. मी वहीच्या पानावर लिहून दिली होती. एक प्रत कॉन्ट्रॅक्टरला, एक मूळ कंपनीला. हातात दिलीत तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या, घेत नसतील तर पोस्टाने, पोच मिळेल अशी, आणि पावती जपून ठेवा. कंपनीला अपघात आधीच माहीत होता हे दाखवता आलं तर नोटीस राहिली म्हणून दावा पडत नाही, पण त्या भरवशावर राहू नका. दावा करायची मुदत दोन वर्षं धरूनच चाला, "नंतर बघू, साहेब देतो म्हणालेत" यात ती कधी जाते कळत नाही.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. मूळ कंपनीलाही पार्टी करता येतं, पण त्यासाठी अपघाताची जागा कंपनीच्या ताब्यातली असावी लागते. माझं ग्राउंड कॉलनीचं होतं म्हणून ते जमलं. हीच मॅच ग्रामपंचायतीच्या किंवा हायस्कूलच्या मैदानावर असती तर मला एकट्या कॉन्ट्रॅक्टरच्या मागे लागावं लागलं असतं, आणि तो त्या वर्षीच्या जूनमध्ये काम सोडून गेला.

६. त्यांचा डॉक्टर, तुमचा डॉक्टर आणि टक्का

नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांत कंपनी स्वतःच्या खर्चाने तुमची तपासणी करून घ्यायची ऑफर देऊ शकते. रागाने नाही म्हणू नका, विनाकारण नकार दिलात तर तेवढा काळ तुमचा हक्क थांबतो. जा, पण रिपोर्टची प्रत मागा.

टक्क्यात सगळे फसतात. अंगठा, डोळा वगैरे गोष्टींचे टक्के यादीत ठरलेले आहेत, अंगठा गेला तर ३०. गुडघ्याचं लिगामेंट त्या यादीत नाही. तिथे डॉक्टरने कमाई करायची क्षमता किती कमी झाली ते लिहायचं असतं. सरकारी अपंगत्वाच्या दाखल्यावर असतो तो पायाचा टक्का, ती वेगळी गोष्ट. ऑफिसात बसणाऱ्याला गुडघ्याने फार फरक पडत नाही, मला उभ्या शिडीने रिअॅक्टरवर चढायचं असतं. हे डॉक्टरला सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार? मी माझ्या कामाचे फोटो घेऊन गेलो होतो. कंपनीच्या डॉक्टरने ५ लिहिले, माझ्या डॉक्टरने २०.

७. आकडा स्वतः काढा

कायमचं अंशतः अपंगत्व असेल तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के, गुणिले वयाचा फॅक्टर, गुणिले कमाई कमी झाल्याचा टक्का. पगार कितीही असला तरी हिशोबाला १५,००० पर्यंतच धरायचा, ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची. फॅक्टर वयाप्रमाणे कमी होत जातो, २५ ला २१६.९१, ३५ ला १९७.०६, ४५ ला १६९.४४.

माझं वय ३५, पगार १४,०००. ६० टक्के म्हणजे ८,४००. गुणिले १९७.०६ म्हणजे १६,५५,३०४. त्याचे ५ टक्के धरले तर ८२,७६५ आणि २० टक्के धरले तर ३,३१,०६०. एका डॉक्टरच्या सहीत अडीच लाखांचा फरक आहे हे तेव्हा डोक्यात शिरलं.

घरी बसलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे मला ३,५०० प्रमाणे. त्याशिवाय उपचाराचा झालेला खर्च, म्हणून औषधाच्या चिठ्ठ्या फेकू नका. कोल्हापूरच्या मेडिकलची थर्मल पावती तीन महिन्यांत कोरी पडते, लगेच झेरॉक्स मारा. कॉन्ट्रॅक्टर हिशोबाला नुसता बेसिक दाखवतो, मान्य करू नका, बँकेचं स्टेटमेंट पुढे ठेवा. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि कारण पटलं नाही तर ५० टक्क्यांपर्यंत दंड, हे अर्जात मागायचं राहू देऊ नका.

८. अर्ज आणि तारखा

जखमी कामगाराला आधी मालकाशी बोलून वाद मिटत नाही असं दाखवावं लागतं, त्यामुळे तुमचं मागणीपत्र आणि त्यांचा नकार, किंवा उत्तरच न देणं, हे फाइलमध्ये पाहिजे. मग कमिशनरकडे अर्ज. कामगार न्यायालय नसलेल्या ठिकाणी सिव्हिल जज सीनियर डिव्हिजन हे काम बघतात, कोर्टाच्या फायलिंगला विचारा. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, दोन्हीकडे अर्ज चालतो, म्हणजे पिकनिकला मालवणात पडलात आणि राहता चिपळूणला तर चिपळूणच्या बाजूला करा.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळू शकतो, फोन १५१००. टक्केवारीवर केस घेणारे वकील कोर्टाच्या आवारातच भेटतात, मी एकाच्या नादी लागून चार महिने घालवले.

बरोबर ठेवायची फाइल:
- आधार, बँक पासबुक, वयाचा दाखला
- गेटपास, नेमणुकीचं पत्र असेल तर, वर्षभराच्या पगार स्लिपा किंवा बँक स्टेटमेंट
- सर्क्युलर, चॅट, फोटो, सी-ऑफची नोंद
- केस पेपर, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, बिलं
- कमाई कमी झाल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट
- नोटीस, मागणीपत्र आणि त्यांच्या पोचपावत्या

सगळ्याचे तीन सेट. एक सेट कोर्टात हरवतोच.

९. सेटलमेंट करायची असेल तर

मी केली. सहाव्या तारखेला कंपनीचे वकील बोलायला आले, १२ टक्क्यांवर जमलं, १,९८,६३६ अधिक ऑपरेशनचा खर्च, व्याजाचा हट्ट मी सोडला. लढलो असतो तर जास्त मिळालं असतं का? कदाचित, आणि वर अपिलात हायकोर्टात गेलो असतो ते वेगळंच. मुलीची शाळा सुरू होत होती.

पण करार कमिशनरकडे नोंदवूनच पैसे घ्या. केबिनमध्ये बोलावून पन्नास हजारांचं पाकीट आणि "मला काही तक्रार नाही" असा टाइप केलेला कागद, हे माझ्यासमोरही आलं होतं. हक्क सोडल्याचा असा कागद कायद्याने बाद आहे, तरी सही केलीत तर पुढे ते निस्तरायला वर्ष जातं. आणि कोणी गेलं असेल, मृत्यूची केस असेल, तर पैसे कमिशनरकडेच जमा व्हावे लागतात, परस्पर घरी आणून दिलेले हिशोबात धरत नाहीत.

आता दरवर्षी सेफ्टी वीकच्या सर्क्युलरवर खाली ठळक अक्षरात ओळ असते, "सहभाग ऐच्छिक आहे". ती ओळ माझ्यामुळे आली असं पोरं म्हणतात. तर ती दिसली म्हणून गप्प बसू नका, सर्क्युलरवर ऐच्छिक आणि सुपरवायझरच्या फोनवर "नाव टाकलंय, ये" असं असेल तर तो फोन कधी आला, किती वाजता, शेजारी कोण उभं होतं, हे त्याच रात्री डायरीत लिहून ठेवा.